बरणीवर गाव लिहा, हंगाम लिहा: गोव्यातल्या मसाला दुकानदारांना खुलं पत्र

गोव्यातल्या सर्व मसाला दुकानदारांस,

सप्रेम नमस्कार.

म्हापशाच्या नि मडगावच्या बाजारात दोन-तीन पिढ्या बसलेले दुकानदार, मंगेशी-म्हार्दोळच्या वाटेवर काजूबरोबर मसाले विकणारे, कुळागर, म्हणजे पोफळी-मसाल्यांची बाग, दाखवून झाल्यावर शेवटी लागणाऱ्या दुकानांचे मालक, आणि अलीकडे पणजी-पर्वरीकडे काचेच्या बरण्या मांडून निघालेली खास मसाल्यांची दुकानं, या सगळ्यांना मिळून हे पत्र लिहिते आहे. मागणं एकच आहे. प्रत्येक बरणीवर आणि प्रत्येक पाकिटावर दोन गोष्टी लिहा: हा माल कुठे पिकला आणि कुठल्या हंगामात काढला.

मी फोंडा तालुक्यात राहते. आमच्या घरात मसाला अजून घरीच होतो, त्यामुळे तुमची गिऱ्हाईक आहेच. शिवाय सासरचं लहानसं कुळागर आहे, तिथली मिरी आणि जायफळ विकायला मीच बाजारात जाते. मसाला घेणारी आणि मसाला विकणारी अशा दोन्ही नात्यांनी तुमच्याकडे येत असल्यामुळे हे सांगायचा मला हक्क आहे असं वाटतं.

मिरीपासून सुरुवात करते, कारण ती मला सगळ्यात जवळून माहीत आहे. पोफळीवर चढवलेल्या वेलीला मृगाचा पाऊस लागला की तुरे धरतात, आणि दाणा भरून काढणीला यायला जानेवारी उजाडतो. घोसातले एक-दोन दाणे लाल झाले की तो घोस तोडायचा, ही जुन्या माणसांची खूण. त्याआधी तोडला तर दाणा पोचट राहतो, वाळल्यावर सुरकुत्यांशिवाय त्यात काही उरत नाही. लाल व्हायची वाट बघावी तर पाखरं आहेत, माकडं आहेत, आणि खरं सांगायचं तर चोरही आहेत. शिडी लावून एकेक घोस बघून तोडायला माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाही. तोडलेली मिरी मळून दाणे वेगळे करायचे, उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून काढायचे म्हणजे काळा रंग सगळीकडे सारखा येतो, आणि मग चार-सहा दिवस कडक ऊन. हे सगळं झाल्यावर शंभर किलो हिरव्या मिरीची वाळून तेहतीसेक किलो मिरी हाती लागते.

ती घेऊन बाजारात गेले की व्यापारी मूठभर मिरी तळहातावर घेतो, फुंकर घालतो, दोन दाणे दाताखाली फोडतो आणि मान डोलावतो. माल चांगला आहे हे त्याला कळलेलं असतं. पण तो भाव सांगतो तोच, जो त्याने थोड्या वेळापूर्वी डिसेंबरातच ओरबाडलेली, अर्धवट वाळवलेली मिरी आणणाऱ्याला सांगितलेला असतो. दोघांची मिरी एकाच पोत्यात जाते. व्यापाऱ्याचं तरी काय चुकलं? ज्या दुकानाला तो माल देणार आहे तिथल्या बरणीवर फक्त ‘काळी मिरी’ एवढंच लिहिलेलं असतं. चांगल्या मिरीला जास्त पैसे मोजायला गिऱ्हाइकाकडे काही कारणच ठेवलेलं नाही, मग दुकानदार मोजत नाही, मग व्यापारी मोजत नाही. पुढच्या वर्षी कुळागरवाला विचार करतो की लाल दाण्याची वाट बघून मला काय मिळालं, आणि तोही डिसेंबरातच वेल ओरबाडतो. अशा रीतीने हळूहळू सगळ्याच बरण्यांतली मिरी पोचट होत जाते, आणि आपण म्हणतो, पूर्वीसारखी मिरी राहिली नाही.

मिरी पूर्वीसारखी होऊ शकते. त्यासाठी ती कोणाची हे बरणीवर दिसलं पाहिजे. सावई-वेऱ्याची मिरी, केरीची मिरी, सांगे-केप्याची मिरी असं लिहून ठेवा, शेजारी वायनाडची किंवा कूर्गची ठेवा, व्हिएतनामहून आलेली असेल तर तसं लिहा, आणि गिऱ्हाइकाला वास घेऊन ठरवू द्या. वाईट माल पिकवणाऱ्या गावाचं नावही त्यातून कळेल, आणि ते त्या गावालाच सुधारायला भाग पाडेल.

हंगामाचं महत्त्व याहून जास्त आहे, कारण त्यावर कोणीच बोलत नाही. पाकिटावर कायद्याप्रमाणे पॅकिंगची तारीख असते. पण पोतं दोन वर्षं गोदामात पडलेलं असलं आणि त्यातला माल आज पाकिटात भरला, तर पाकिटावर आजची तारीख येते. काही खोटं लिहिलं असं म्हणता येत नाही, आणि गिऱ्हाइकाला खरं काहीच कळत नाही. मसाल्याचा जीव त्याच्या तेलात आहे. ते तेल उडून जाणारं असतं, आणि आपल्या गोव्यातला चार महिन्यांचा पाऊस, दमट हवा नि दुकानातला प्रखर दिवा यांनी ते आणखी लवकर जातं. म्हणून मला पॅकिंगच्या तारखेशी देणंघेणं नाही. झाडावरून कधी उतरलं ते सांगा.

एका देखण्या दुकानात मी तिरफळं घेतली. आमच्या घरात तेफळ म्हणतात. पाकीट सुंदर होतं, ताडाच्या पानांच्या पेटीत बसवलेलं. घरी उघडलं तर अर्धं वजन काळ्या चकचकीत बियांचं आणि देठांचं. तिरफळ वाळताना उकलतं, आतली बी काढून टाकायची असते, कारण वास आणि जिभेला येणारी ती झिणझिण सगळी वरच्या सालीत असते. बी दाताखाली आली तर वाळूसारखी लागते. उरलेल्या सालींना नाक लावलं तर लाकडाचा वास. पुढच्या खेपेला मी दुकानात विचारलं की हे कुठल्या वर्षीचं, तर गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, ‘ताजंच आहे मावशी, कालच आलं.’ तो खोटं बोलत नव्हता. दुकानात ते कालच आलं होतं. झाडावरून कधी आलं हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं, आणि त्यामुळे त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. ज्यांना हे माहीत असायला हवं ते तुम्ही, त्याचे मालक.

तिरफळाचं झाड काट्यांनी भरलेलं असतं. बुंध्यावर जाड शंकूसारखे काटे, त्यामुळे चढणं सोपं नाही. झाडं कमी झाली आहेत, काढणारी माणसं त्याहून कमी. तरीही चवथीच्या सुमारास हिरवी तिरफळं बाजारात येतात, नैवेद्याच्या खतखत्यात, म्हणजे मिश्र भाजीत, पडतात, आणि ती घेऊन बसलेल्या बाईला विचारलं तर ती गाव सांगते, झाड कोणाच्या आवारातलं तेही सांगते. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे आमटीत, तिरफळ वाटून घालत नाहीत, नुसतं ठेचून शेवटी सोडतात, एवढं ते नाजूक आहे. असल्या वस्तूला दोन वर्षं बरणीत ठेवून ‘गोव्याची खासियत’ म्हणून विकणं हा त्या झाडाचाही अपमान आहे.

‘गोव्याची खासियत’ या शब्दांबद्दल जरा सविस्तर बोलते. पर्यटकांसाठी ज्या पेट्या भरल्या जातात त्यांवर ‘गोव्याचे मसाले’ असं मोठ्या अक्षरात असतं. आत लवंग असते, ती बहुधा मादागास्कर, श्रीलंका किंवा इंडोनेशियाहून आलेली. वेलची इडुक्कीची. बाद्यान, म्हणजे चक्रीफूल, बहुतेक वेळा व्हिएतनामचं. यात लपवण्यासारखं काहीही नाही. लवंग मूळची मोलुक्का बेटांवरची, मिरची पोर्तुगीजांनी समुद्रापलीकडून आणलेली, आणि आपली शाकुती, भाजलेल्या खोबऱ्याचं ते मसालेदार कालवण, या सगळ्यांना घेऊनच उभी आहे. पणजीच्या नगरपालिका उद्यानाला ज्याचं नाव आहे त्या गार्सिया द ऑर्ताने १५६३ साली इथे गोव्यातच छापलेल्या ग्रंथात मिरी, लवंग, दालचिनी यांच्याबद्दल लिहिताना ती कुठे पिकते आणि कुठली उत्तम, याची चौकशी केली आहे. जो प्रश्न साडेचारशे वर्षांपूर्वी इथल्याच वैद्याला महत्त्वाचा वाटला तो आज आपल्या दुकानात विचारायची सोय नाही, याचं मला वाईट वाटतं. लवंग मादागास्करची असेल तर मादागास्करची म्हणून विका. ‘गोव्यात पॅक केलेलं’ आणि ‘गोव्यात पिकलेलं’ या दोन गोष्टी वेगळ्या लिहा, म्हणजे झालं.

कुळागर दाखवणाऱ्यांना तर हे सगळ्यात सोपं आहे. तुमचा मार्गदर्शक पाहुण्यांना वेल दाखवतो, जायफळाचं फळ फोडून आतली लालभडक जायपत्री दाखवतो, दालचिनीचं पान चुरगाळून हातात देतो, आणि प्रत्येक झाडाची हकीकत सांगतो. पाहुणे मन लावून ऐकतात. मग ते दुकानात येतात आणि तिथल्या पाकिटावर एक अक्षर नसतं. जे झाड त्यांनी आत्ताच पाहिलं त्याचं जायफळ या पाकिटात आहे की नाही, हे त्यांना समजायला नको का? कुळागरातला माल सगळ्या पाहुण्यांना वर्षभर पुरणार नाही हे मलाही कळतं. आमचाही पुरत नाही. तेव्हा जो आपला आहे तो वेगळ्या फळीवर ठेवा, थोडा महाग विका, संपला की ‘पुढच्या हंगामात’ अशी पाटी लावा. जायफळ तर कवचासकट विका. वाळलं की हलवल्यावर ते कवचात खुळखुळतं, गिऱ्हाइकाला कानानेही पारखता येतं, आणि कीडही सहजी लागत नाही.

मिरचीच्या बाबतीत प्रकरण नुसत्या सौजन्याचं राहिलेलं नाही. काणकोणच्या खोला भागातल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. डोंगरउतारावर, नुसत्या पावसाच्या पाण्यावर ती पिकते, पाऊस सरताना काढणीला येते, आणि ती लावणाऱ्या, खुडणाऱ्या, वाळवणाऱ्या मुख्यतः बायका आहेत. पीक मर्यादित आहे. तरी बाजारात बघावं तर बाराही महिने, ढिगांनी ‘खोल्याची मिरची’ विकायला असते. एवढी मिरची त्या उतारांवर पिकते तरी कुठे? भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ सालचा आहे, आणि मानांकनाचं नाव दुसऱ्या मालाला लावणं हा गुन्हा आहे. पण मला पोलिसांपेक्षा त्या बायकांची काळजी वाटते. त्यांनी मेहनतीने मिळवलेलं नाव दुसऱ्याच ढिगाला लागलं की त्यांच्या मिरचीला मिळायला हवा तो भाव मिळत नाही. ब्याडगी विकायची तर ब्याडगी म्हणून विका, तिचा रंग कोणाहून कमी नाही आणि तिलाही स्वतःचं मानांकन आहे. हरमलची असेल तर हरमल लिहा. आमच्या रेशादला, म्हणजे मासळीत भरायच्या लाल मसाल्याला, कुठली आणि हुमणाला कुठली हे आम्ही बघून घेऊ.

दालचिनीचं राहिलंच. आपल्या देशाच्या अन्न मानकांत दालचिनी आणि तज या दोन स्वतंत्र वस्तू आहेत, त्यांचे निकष वेगळे आहेत. दुकानात मात्र दोन्हींना मिळून ‘दालचिनी’. खरी दालचिनी कागदासारख्या पातळ सालींची, एकात एक गुंडाळलेली, फिकट तपकिरी, बोटांनी चुरडली तर चुरा होतो. तज जाड, कडक, एकाच सालीची वळलेली आणि रंगाने गडद. शाकुतीत मी स्वतः तज घालते, भाजलेल्या खोबऱ्यापुढे ती टिकून राहते. पण हल्ली साखरेच्या आजाराला बरं म्हणून दालचिनीचं पाणी रोज पिणारी माणसं घरोघर आहेत. तजेमध्ये कुमारिन नावाचं द्रव्य खऱ्या दालचिनीपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि ते रोज पोटात गेलं तर यकृताला बाधू शकतं. अशा माणसाला तुम्ही तज देता तेव्हा प्रश्न चवीपुरता राहत नाही. दोन बरण्या करा आणि दोन्हींवर नावं लिहा. आपल्याकडच्या बागांतही खरी दालचिनी उत्तम होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही जात त्यासाठीच काढली आहे. गिऱ्हाइकाला फरक दिसू लागला तर आपले बागायतदार ती आणखी लावतील.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. माल घाऊक व्यापाऱ्याकडून येतो, त्याला तो दुसऱ्याकडून, आणि गावाचं नाव वाटेत कुठेतरी गळून पडतं. मग निदान विचारायला सुरुवात करा. तुम्ही विचारलंत तर तो त्याच्या मागच्याला विचारील. नाहीच कळलं तर ‘परराज्यातला माल, गाव माहीत नाही’ असं लिहा. असं लिहिणाऱ्या दुकानात मी जास्त विश्वासाने जाईन. २०२४ साली सिंगापूर आणि हाँगकाँगने काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड हे जंतुनाशक रसायन सापडल्यावरून ते बाजारातून काढायला लावले, तेव्हा देशभर माल कुठून आला याचा शोध सुरू झाला. सुट्या मालाच्या दुकानात उद्या असा प्रश्न आला तर तुम्ही काय दाखवाल?

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. ते फक्त ‘कितीला’ एवढंच विचारतं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खोटं नाही. पण हेच गिऱ्हाईक नुस्तं, म्हणजे मासळी, घ्यायला गेलं की बांगड्याचे कल्ले उघडून बघतं, मालिमचा की बेतूलचा विचारतं, आणि मासळीवाली त्याचं उत्तर देते. मसाल्याच्या दुकानात बरण्यांची झाकणं घट्ट बंद आणि हात लावायला मनाई. मग ते भाव सोडून दुसरं काय विचारणार? झाकण उघडा. प्रत्येक वस्तूचा एक लहान डबा वास घ्यायला बाहेर ठेवा. मिरी पारखायला पाण्याने भरलेला एक पेला ठेवलात तरी पुरे, भरीव दाणा तळाशी जातो, पोचट दाणा आणि पपईचं बी वर तरंगतं. दहा-वीस ग्रॅम मागितले तर कपाळाला आठी घालू नका. जायपत्री शंभर ग्रॅम घेऊन एका घराने करायचं काय? आणि ज्यांच्याकडे दळायची चक्की आहे त्यांनी डोळ्यांसमोर दळून द्यावं, आधी दळून ठेवलेली पूड विकण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

हे आधीपासून करणारे काही जण तुमच्यात आहेत हे मला माहीत आहे. एका जुन्या दुकानात आमसुलांच्या पिंपावर खडूने गाव लिहिलेलं मी पाहिलं आहे. विचारलं तर मालकीणबाईंनी सांगितलं की एप्रिल-मेमध्ये भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात, साली मीठ लावून त्याच्याच रसात पुन्हापुन्हा बुडवून वाळवायच्या, आणि यंदा वळिवाचा पाऊस लवकर आल्यामुळे शेवटची खेप नीट वाळली नाही, ती नेऊ नका, ही आधीची न्या. तिने मला स्वतःचाच माल घेऊ नका असं सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरी सोलं दुसरीकडून येत नाहीत. त्या बाईला छापील लेबल लागलं नाही, खडू पुरला.

मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी सुरू होते. मिरची, धणे, हळकुंडं, सोलं, सगळं पावसाआधी घरोघर भरून ठेवतात, आणि वर्षाचा तुमचा मोठा धंदा तेव्हाच होतो. त्याच्या आत सुरुवात करा. सगळ्या दुकानाचं एकदम करायला नको. मिरी, मिरची, तिरफळ, दालचिनी आणि जायफळ एवढ्या पाच बरण्यांवर गाव आणि काढणीचा महिना लिहा. कुळागरवाल्यांकडून माल घेताना पावतीवर गावाचं नाव घाला, आणि चांगला वाळवलेला माल वेगळ्या पोत्यात, वेगळ्या भावाने घ्या. आमच्या बाजूने मी एवढं करीन: यापुढे आमच्या घरची जी मिरी बाजारात येईल तिच्या पोत्याला गाव, वेल कुठल्या झाडावरची, तोडणीचा आठवडा आणि किती दिवस उन्हात होती, हे लिहिलेली चिठ्ठी बांधलेली असेल. शेजारच्या बागायतदारांशीही बोलणं चालू आहे, दोघे-तिघे तयार आहेत. ती चिठ्ठी पोतं रिकामं होईपर्यंत सोडू नका, आणि त्यावर लिहिलेलं बरणीवर उतरवून घ्या.

आपली,
फोंडा तालुक्यातली एक कुळागरवाली आणि तुमचं नेहमीचं गिऱ्हाईक